डिझाईन एक, वाचणारे चौघे

सॉफ्टवेअरच्या डिझाईन-कागदपत्रांविषयी बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, हुक्केरी भागातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सोयीसाठी सगळ्या उत्तरांत उदाहरण एकच ठेवलं आहे: साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन घेऊन पावती काढणारं सॉफ्टवेअर. काटा, खेप, पावती हे शब्द इकडे घरोघरी माहीत असल्यामुळे लक्ष डिझाईनवर राहील. उदाहरणातले क्रमांक आणि मर्यादा समजावण्यापुरत्या आहेत.

प्रश्न : आमचं आठ जणांचं सॉफ्टवेअर युनिट आहे. डिझाईनचं एकच डॉक्युमेंट आहे, १४० पानांचं. गिऱ्हाइकाला ते वाचवत नाही, टेस्टिंगवाल्याला हवं ते सापडत नाही, नवीन मुलगा आला की पंधरा दिवस तेच वाचतो आणि तरी येऊन विचारतोच. आता चौघांसाठी चार वेगळी डॉक्युमेंटं लिहावीत असं ठरतंय. हे बरोबर आहे का? (एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव)

नाही. चार डॉक्युमेंटं लिहिलीत तर सहा महिन्यांत ती चार वेगळ्या गोष्टी सांगायला लागतील. लिहायचं एकदाच, वाचायला मात्र चार तऱ्हांनी द्यायचं.

तुमच्या शेजारच्या फाउंड्रीत हे रोज चालतं. एका पंप हाउसिंगचं कास्टिंग घ्या. पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना; तो करणाऱ्याच्या ड्रॉइंगमधलं माप मोठं असतं, कारण ग्रे आयर्न थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं. शिवाय मशिनिंगसाठी वर माल ठेवावा लागतो आणि वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून उतार द्यावा लागतो. मशीन शॉपच्या ड्रॉइंगमध्ये यातलं काही नसतं, तिथे तयार माप आणि टॉलरन्स. इन्स्पेक्शनच्या कागदावर मोजायच्या मापांना तेवढे गोल करून नंबर दिलेले. कागद तीन, वाचणारे तीन, पण पार्ट नंबर एक आणि रिव्हिजन एक. बोअर बदलला आणि पॅटर्न शॉपमध्ये जुनं रिव्हिजन राहिलं तर पुढचा लॉट भंगारात जातो, हे तिथे कुणाला समजवावं लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये भंगाराचा ढीग डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

तेव्हा आधी डिझाईनचे घटक पाडा. ज्याला स्वतःचं नाव, स्वतःचं काम आणि इतरांशी ठरलेला व्यवहार आहे तो घटक. मग ते मॉड्यूल असो, सतत चालणारी सेवा असो की डेटाबेसमधलं टेबल. प्रत्येक घटकाला क्रमांक द्या आणि त्याचं दहा रकान्यांचं एक कार्ड करा. हे दहा रकाने आयट्रिपलई (IEEE) या अभियंत्यांच्या संघटनेच्या, सॉफ्टवेअर-डिझाईनच्या वर्णनासाठीच्या १०१६ या मानकाच्या १९८७ आणि १९९८ च्या आवृत्त्यांत दिलेले आहेत. काट्याचं वजन वाचणाऱ्या घटकाचं कार्ड असं दिसेल:

ओळख : घ-०१ काटावाचक.
प्रकार : पार्श्वभूमीत सतत चालणारी सेवा.
उद्देश : मागणी म-१२, ऑपरेटरला वजन हाताने टाकता येऊ नये.
कार्य : इंडिकेटरकडून, म्हणजे काट्याचं वजन दाखवणाऱ्या यंत्राकडून, येणारे आकडे वाचून स्थिर झालेलं वजन देणं.
उपघटक : घ-०१.१ पोर्टवाचन, घ-०१.२ स्थिरता-तपासणी.
अवलंबन : आपल्या कुठल्याही घटकावर नाही, बाहेरचं म्हणजे इंडिकेटर.
इंटरफेस : ‘स्थिर वजन द्या’ ही एक हाक (कॉल), म्हणजे दुसऱ्या घटकाने करायची मागणी. उत्तरात किलोमध्ये पूर्णांक वजन, वेळ, काटा क्रमांक. त्रुटी तीन: जोडणी नाही, वजन स्थिर नाही, क्षमतेपेक्षा जास्त.
साधनं : काट्यामागे एक सीरियल पोर्ट, ९६०० बॉड (डेटा पाठवायचा वेग), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट.
प्रक्रिया : सलग ५ वाचनांतला फरक १० किलोपेक्षा जास्त नसेल तर शेवटचं वाचन स्थिर धरायचं. ३० सेकंदांत तसं झालं नाही तर ‘स्थिर नाही’ ही त्रुटी.
डेटा : शेवटची ५ वाचनं, मेमरीतच, डिस्कवर काही नाही.

आता चार व्ह्यू म्हणजे अशा सगळ्या कार्डांतून काढलेले चार उभे काप. विभागणीच्या व्ह्यूत ओळख, प्रकार, उद्देश, कार्य आणि उपघटक येतात. तो गिऱ्हाइकाच्या माणसाला आणि नव्या मुलाला द्या. तीस घटकांचं सॉफ्टवेअर असेल तर तीन-चार पानांत मावतो. अवलंबनाच्या व्ह्यूत ओळख, प्रकार, उद्देश, अवलंबन आणि साधनं. काय बंद पडलं की काय काय अडतं, कुठला बदल कुठपर्यंत पोचतो आणि कुठलं काम आधी उरकायला हवं, हे त्यात दिसतं, म्हणून प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने तो टेबलावर ठेवावा. जागेवर जाऊन बसवणाऱ्यालाही तोच, कारण पोर्ट आणि बॉड रेट साधनांच्या रकान्यात आहेत. इंटरफेसच्या व्ह्यूत फक्त ओळख, कार्य आणि इंटरफेस. हा टेस्टिंगवाल्याचा. वरच्या कार्डात तीन त्रुटी लिहिल्या आहेत, म्हणजे निदान तीन चाचण्या तिथेच हाती आल्या. १४० पानांत त्या शोधत बसायला नको. तपशिलाच्या व्ह्यूत ओळख, प्रक्रिया आणि डेटा, म्हणजे प्रत्यक्ष कोड लिहिणाऱ्यापुरता मजकूर.

ओळख हा एकच रकाना चारही व्ह्यूंत येतो. टेस्टिंगवाला ‘घ-०१ ची दुसरी त्रुटी’ म्हणाला की कोड लिहिणाऱ्याने त्याच क्रमांकावर तपशील उघडायचा. हा क्रमांक कधीही बदलू नका. घटक रद्द झाला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नका.

प्रश्न : आमच्या प्रोजेक्ट गाइडनी ‘डिझाईन वेगवेगळ्या व्ह्यूंत मांडा’ असं सांगितलंय. एकीकडे चार व्ह्यू सापडतात, दुसरीकडे चार अधिक एक, तिसरीकडे बारा. नक्की किती? आणि व्ह्यू व व्ह्यूपॉइंट यांत काय फरक? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, बेळगाव)

तिन्ही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळचे आणि वेगवेगळ्या गरजेचे. चार म्हणजे वर सांगितलेले, आयट्रिपलई १०१६ च्या १९९८ पर्यंतच्या आवृत्तीतले. चार अधिक एक ही मांडणी सॉफ्टवेअर अभियंते फिलिप क्रुख्टन यांची, १९९५ सालची: तार्किक, प्रोसेस, डेव्हलपमेंट आणि फिजिकल हे चार व्ह्यू, आणि त्या चारांना बांधून ठेवणारे वापराचे प्रसंग हा पाचवा. बारा म्हणजे १०१६ ची २००९ ची आवृत्ती. तिच्यात संदर्भ, रचना, तार्किक, अवलंबन, माहिती, पॅटर्नचा वापर, इंटरफेस, संरचना, परस्परव्यवहार, अवस्था, अल्गोरिदम आणि साधनं असे बारा व्ह्यूपॉइंट दिले आहेत. ते सगळे भरायची सक्ती नाही. ज्याबद्दल तुमच्या वाचणाऱ्याला खरोखर काळजी आहे तेवढेच निवडायचे.

व्ह्यूपॉइंट म्हणजे साचा आणि व्ह्यू म्हणजे त्या साच्यातून निघालेला नग. कुणासाठी, कुठल्या काळजीचं उत्तर द्यायला, कुठल्या खुणा आणि आकृत्या वापरून लिहायचं, हे व्ह्यूपॉइंट ठरवतो. एकाच साच्यातून दहा सॉफ्टवेअरचे दहा व्ह्यू निघतील. हा भेद सन २००० मध्ये आयट्रिपलई १४७१ या मानकाने आर्किटेक्चरच्या वर्णनासाठी पक्का केला. पुढे तेच २००७ साली आयएसओ ४२०१० झालं. त्याच्या २०११ आणि २०२२ अशा सुधारित आवृत्त्या निघाल्या.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला चार व्ह्यू घ्या आणि क्रुख्टन यांचा पाचवा, प्रसंगांचा, जोडा. प्रसंग नसला की व्ह्यू सुटेसुटे राहतात, हे परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नात उघडं पडतं. प्रसंग असा लिहायचा: उसाचं वाहन केनयार्डातून काट्यावर आलं. घ-०१ ने १८,४६० किलो भरती वजन दिलं. घ-०२ खेपनोंदीने शेतकरी आणि प्लॉट घ-०४ शेतकरी-नोंदवहीकडून तपासून खेप उघडली. वाहन गव्हाणीवर रिकामं होऊन परत आलं, घ-०१ ने ५,८२० किलो दिलं. घ-०२ ने १२,६४० किलो निव्वळ वजन काढून खेप बंद केली. घ-०३ ने पावती छापली. यातला प्रत्येक टप्पा इंटरफेसच्या व्ह्यूतल्या एखाद्या हाकेशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर एक तर प्रसंग चुकीचा आहे, नाही तर डिझाईनमध्ये हाक राहून गेली आहे. असे सहा-सात प्रसंग लिहिलेत तर निम्म्या चुका कोडआधीच दिसतील.

प्रश्न : घटक केवढा पाडायचा? आमच्यात एकाने सहा घटक केले, दुसऱ्याने ऐंशी. (हुक्केरी)

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली यासाठी दिलेली कसोटी अजून कामाची आहे: जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एका घटकाच्या पोटात दडवायचा. काट्याचं इंडिकेटर उद्या दुसऱ्या कंपनीचं आलं तर किती कार्डं बदलावी लागतील ते मोजा. फक्त घ-०१ बदलत असेल तर विभागणी चांगली. पावतीच्या घटकालाही बॉड रेट माहीत असेल तर ती चुकली. कामाच्या क्रमाने पाडलेले घटक, म्हणजे आधी वाचा, मग मोजा, मग छापा, कागदावर सोपे दिसतात, पण डेटाचा आकार एकदा बदलला की सगळे एकदम बदलतात. ऐंशीवाल्याला एवढंच विचारा की दोन कार्डं नेहमी बरोबरच बदलतात का. बदलत असतील तर ती एक करा आणि आतले तुकडे उपघटकाच्या रकान्यात टाका.

प्रश्न : कारखान्याकडून शेतकी अधिकारी, अकाउंट्सचे साहेब आणि काट्यावरचा ऑपरेटर असे तिघे मीटिंगला असतात. कुणाला काय दाखवायचं हे कसं ठरवायचं? (चिकोडी)

हुद्द्यावरून ठरवू नका, प्रश्नांवरून ठरवा. ज्याच्यासाठी व्ह्यू करायचा त्याला पंधरा मिनिटं भेटा आणि ‘काम अडलं तर तुम्ही या सॉफ्टवेअरबद्दल काय काय विचाराल’ एवढंच विचारा. पाच-सहा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका. शेतकी अधिकारी विचारतील, ‘नोंद नसलेल्या प्लॉटचा ऊस आला तर गाडी काट्यावर अडणार की आत जाणार?’ अकाउंट्सचे साहेब विचारतील, ‘बंद झालेल्या खेपेचं वजन कुणाला बदलता येतं आणि त्याची खूण राहते का?’ दोघांना मिळून विभागणीचा व्ह्यू आणि चार-पाच प्रसंग पुरतात. ज्या प्रश्नाला दहापैकी एकाही रकान्यात उत्तर नाही तो प्रश्न सोन्यासारखा जपा, कारण तिथे डिझाईनच अपुरं आहे.

ऑपरेटरला डिझाईनचा व्ह्यू देऊ नका. त्याला हवी वापराची पुस्तिका. डिझाईन सांगतं आत काय आहे, पुस्तिका सांगते बटण कुठलं दाबायचं. दोन्ही एकत्र केली की दोघांचाही वेळ जातो. मीटिंगला मात्र त्याला बोलवाच. ट्रॅक्टरला दोन ट्रेलर असतात, मागचा सुटा करून वजन घेतात की जोडूनच, हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नसतं, आणि खेप या शब्दाचा अर्थ त्यावरच ठरतो.

प्रत्येक व्ह्यूच्या डोक्यावर तीन ओळी लिहा: हा कुणासाठी आहे, यात कुठल्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि यात काय नाही व ते कुठे मिळेल. तिसरी ओळ बहुतेक जण गाळतात. मग वाचणारा नसलेली गोष्ट शोधत राहतो आणि शेवटी फोन करतो. व्ह्यू तयार झाला की लिहिणाऱ्याने खोलीबाहेर थांबावं, वाचणाऱ्याला त्याचेच प्रश्न द्यावेत आणि उत्तरं शोधू द्यावीत. पाचपैकी चार उत्तरं वीस मिनिटांत सापडली नाहीत तर रकान्यांचा क्रम बदलून पुन्हा पाहा. वाचणाराच सापडत नाही असा व्ह्यू असेल तर तो काढून टाका. कुणी वाचत नाही म्हणून त्यातल्या चुका कुणी सांगतही नाही.

प्रश्न : आम्ही व्ह्यू केले होते. वर्षभरात एकाशी दुसरा जुळेनासा झाला. एकात वजन किलोत, दुसऱ्यात टनात. आता कुणाचाच कशावर विश्वास नाही. चुकलं कुठे? (निपाणी)

बहुधा एकच गोष्ट दोन ठिकाणी हाताने लिहिली गेली. किलो आणि टन हे त्याचं नेहमीचं रूप. काटा किलोत बोलतो, ऊसबिल टनात होतं. १२,६४० किलो म्हणजे १२.६४० टन हे रूपांतर एकाच घटकात व्हायला हवं आणि एकाच कार्डावर लिहिलेलं हवं. घ-०५ ऊसबिलाच्या प्रक्रियेच्या रकान्यात ते लिहा; बाकी सगळीकडे किलो. इंटरफेसच्या रकान्यात एककाशिवाय आकडा लिहायचाच नाही, असा नियमच करा.

दुसरी जागा म्हणजे अवलंबन. ‘घ-०२ हा घ-०१ वापरतो’ असं घ-०२ च्या कार्डावर लिहायचं आणि ‘घ-०१ ला घ-०२ वापरतो’ असं घ-०१ वर, हे दुहेरी काम आहे. महिन्याभरात त्यातलं एक खोटं ठरतं. फक्त वापरणाऱ्याच्या कार्डावर लिहा. उलटी यादी, म्हणजे घ-०१ वर कोण कोण अवलंबून आहे, ती काढून घ्यायची असते, लिहायची नसते.

तिसरी जागा नियमांची. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागतं. हा नियम बिलाच्या, अहवालाच्या आणि संदेशाच्या अशा तीन कार्डांवर उतरवलेला असेल तर एकीकडे १४ राहील आणि दुसरीकडे टायपिंगची चूक. नियम मागण्यांच्या यादीत एकदाच, समजा म-३१ म्हणून. कार्डांच्या उद्देशात फक्त ‘म-३१’. दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे, खेप उघडल्याच्या की बंद झाल्याच्या, हा मात्र डिझाईनचा निर्णय. तो घ-०५ च्या प्रक्रियेत.

व्ह्यू हाताने दुरुस्त करायची वाटच बंद करा. कार्डं साध्या मजकुराच्या फाइलींत, कोडच्याच शेजारी गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवा. कोड बदलणाऱ्याने त्याच कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) कार्ड बदलायचं आणि तपासणाऱ्याने दोन्ही बघितल्याशिवाय पास करायचं नाही. व्ह्यू छोट्या स्क्रिप्टने कार्डांतून बनवा आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख व रिव्हिजन आपोआप येऊ द्या. त्याच स्क्रिप्टला चार तपासण्या करायला लावा: अवलंबनात आलेल्या प्रत्येक क्रमांकाचं कार्ड आहे का, प्रत्येक उपघटकाला एकच वरचा घटक आहे का, उद्देशात नसलेली, म्हणजे कुणीच न उचललेली मागणी राहिली आहे का, आणि अवलंबन गोल फिरून परत स्वतःकडे येतं का. शेवटची सापडली की थांबा आणि आधी ती सोडवा. गोल अवलंबनातले घटक एकेकटे तपासता येत नाहीत, आणि बिघाड झाला की सुरुवात कुठून झाली तेही कळत नाही.

आज विश्वास उडालाच आहे, तर जुने व्ह्यू दुरुस्त करत बसू नका. कार्डं कोडवरून नव्याने भरा आणि जुन्यांवर ‘रद्द’ लिहून बाजूला ठेवा.

प्रश्न : गिट, स्क्रिप्ट वगैरे आमच्याकडे नाही. एक्सेलमध्ये जमेल का? (संकेश्वर)

पन्नासेक घटकांपर्यंत चांगलं जमतं. एका शीटवर एका ओळीत एक घटक, दहा रकाने, अकरावा रिव्हिजनच्या तारखेचा. अवलंबन वेगळ्या शीटवर दोनच रकान्यांत घ्या: वापरणारा आणि वापरला जाणारा, एका ओळीत एकच जोडी. एका खान्यात स्वल्पविराम देऊन चार क्रमांक कोंबले की पुढे फिल्टर नीट लागत नाही. व्ह्यू हवा तेव्हा नको ते रकाने लपवून पीडीएफ काढा. मूळ फाइल एकाच्या ताब्यात राहू दे, बाकीच्यांना पीडीएफच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एक्सेल फाइल ही चार आवृत्त्यांची सुरुवात असते.

प्रश्न : टीममध्ये निम्मे कन्नड बोलणारे, निम्मे मराठी. गिऱ्हाईक सीमेच्या दोन्ही बाजूंचे. डॉक्युमेंट इंग्रजीत असतं, पण चर्चा इंग्रजीत होत नाही आणि शब्दांवरून घोळ होतात. व्ह्यू तीन भाषांत करावेत का? (खानापूर)

सगळे नाही. तपशील आणि इंटरफेस हे दोन व्ह्यू इंग्रजीतच राहू द्या. कोडमधली नावं इंग्रजीत असतात आणि वाचणाऱ्यांना ती चालतात. विभागणी आणि प्रसंग हे दोन मात्र मराठी आणि कन्नड दोन्हींत द्या, कारण ते कारखान्याच्या माणसांनी वाचून होकार द्यायचे असतात. न कळलेल्या कागदावर सही मिळते, पण तो होकार नसतो.

त्याआधी शब्दांची यादी करा. प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक, तिची एका ओळीत व्याख्या, आणि पुढे इंग्रजी, मराठी, कन्नड शब्द. ऊस म्हणजे कब्बु, वजन म्हणजे तूक, इथवर अडचण नाही. घोळ होतो तो ‘गाडी’सारख्या शब्दांत. कुणाच्या डोळ्यांसमोर ट्रक येतो, कुणाच्या ट्रॅक्टर आणि दोन ट्रेलर, कुणाच्या बैलगाडी. रिकामं वजन ट्रॅक्टरसकट की ट्रेलरचंच, हे त्यावर अवलंबून. म्हणून डिझाईनमध्ये ‘गाडी’ हा शब्दच वापरू नका. ‘वाहन’, ‘ट्रेलर’ आणि ‘खेप’ असे तीन शब्द ठेवा आणि खेपेची व्याख्या लिहून टाका: एक भरती वजन आणि त्याचं एक रिकामं वजन मिळून एक खेप.

सीमेवरची खास अडचण जमिनीच्या ओळखीची. कर्नाटकातल्या शेतकऱ्याचा उतारा म्हणजे आरटीसी, लोकांच्या तोंडी पहाणी. त्यावर सर्व्हे नंबर, सरनोक आणि हिस्सा असे तीन भाग. पलीकडच्या शेतकऱ्याकडे सातबारा आणि त्यावर गट नंबर. ऊस दोन्हीकडून एकाच काट्यावर येतो. ‘सर्व्हे नंबर’ नावाचा एकच रकाना ठेवून दोन्ही त्यात भरले की अलीकडच्या आणि पलीकडच्या एकाच गावनावाच्या, एकाच नंबरच्या जमिनी एक होऊन बसतात. घ-०४ च्या डेटाच्या रकान्यात राज्य, तालुका, गाव आणि मग त्या त्या राज्याप्रमाणे जमिनीचे भाग, असं स्पष्ट लिहा. हे तपशिलात आहे म्हणून भाषांतर नको असं इथे करू नका. एवढं एक कार्ड शेतकी विभागाला तिन्ही भाषांत दाखवा.

एक बारीक गोष्ट पावतीची. देवनागरी किंवा कन्नड अक्षरं प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये नसली तर मजकूर चित्र करून पाठवावा लागतो आणि छपाई सावकाश होते. रांग लागलेल्या काट्यावर ते जाणवतं. तेव्हा पावतीची भाषा हा फक्त पडद्यावरच्या लेबलांचा विषय नाही; घ-०३ च्या साधनांच्या रकान्यात प्रिंटरचा प्रकार आणि पावतीमागे किती सेकंद चालतील हेही हवं.

प्रश्न : ‘असं का केलं’ हे कुठल्या व्ह्यूत लिहायचं? (बेळगाव)

त्याला वेगळं पान द्या. एका निर्णयाला एक पान, त्यावर क्रमांक, तारीख, तेव्हाची परिस्थिती, काय ठरलं, कुठले पर्याय सोडले, आणि त्यामुळे पुढे काय सोसावं लागेल. कार्डावर फक्त निर्णयाचा क्रमांक. स्थिरतेसाठी ५ वाचनं का, ३ का नाही, हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या हंगामात कुणीतरी घाईच्या वेळी ३ करेल, आणि गाडी पूर्ण थांबायच्या आत घेतलेली वजनं पावतीवर येतील. निर्णय बदलला तर जुनं पान खोडू नका. नवं लिहा आणि जुन्यावर नव्याचा क्रमांक टाका.

प्रश्न : दहा वर्षं चाललेलं सॉफ्टवेअर आहे, डिझाईनचा कागद एकही नाही. सुरुवात कुठून करू? (अथणी)

सगळी कार्डं भरायला बसू नका, अर्ध्यावर कंटाळून सोडाल. आधी फक्त ओळख, कार्य आणि अवलंबन हे तीन रकाने, सगळ्या घटकांसाठी. अवलंबन आठवणीने न लिहिता कोडमधल्या हाका आणि डेटाबेसमधली टेबलं बघून लिहा. दोन घटक एकाच टेबलात लिहीत असतील तर तेही अवलंबनच, आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये घातक असतं तेच. त्यानंतर ज्या घटकाला हात लावायची वेळ येईल त्याचं कार्ड हात लावण्याआधी पूर्ण भरायचं. काटावाचक आणि ऊसबिल ही दोन मात्र वाट न बघता आधी घ्या. एक बंद पडलं तर गाड्यांची रांग थांबते, दुसरं चुकलं तर शेतकऱ्याचे पैसे चुकतात. आणि हे काम गाळप संपल्यावर, उन्हाळ्यात काढा. हंगाम सुरू झाल्यावर कारखान्यातला कुठलाही माणूस तुमच्या प्रश्नांना पंधरा मिनिटं देऊ शकणार नाही.